ऑक्सिटोसिनचा खोका कुठे ठेवता? खान्देशात माता-आरोग्याच्या संशोधनाला लागणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

एमएसचा निकाल लागला की खान्देशात घरचे, सासरचे, अगदी मेडिकलवालाही एकच विचारतो, "हॉस्पिटल कुठं टाकताय, जळगावला की धुळ्याला?" दरवर्षी एकदोन मुलंमुली मात्र माझ्याकडे येऊन हळूच म्हणतात, "मॅडम, मला रिसर्च करायचाय. ते गडचिरोलीसारखं काहीतरी." हा लेख त्यांच्यासाठी आहे. स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रातलं एमएस, डीजीओ किंवा डीएनबी संपत आलेलं आहे, बाळंतपणं हातून होतात, पण संशोधन म्हणजे थीसिस टाईप करून देणारा माणूस एवढाच आजवरचा अनुभव आहे, असं मी धरून चालते.

गडचिरोलीचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. तिथं काम करणाऱ्या डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञच. त्यांचा आणि डॉ. अभय बंग यांचा जो निबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो फक्त दोन गावांतल्या ६५० बायकांचा होता. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार निघाली, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. दवाखान्यात बसून हा आकडा कधीच हाती लागला नसता, कारण त्या बायका दवाखान्यात येतच नव्हत्या. यंत्रं फार लागली नाहीत, पण गावात राहावं लागलं आणि बायकांनी दार उघडावं इतका विश्वास मिळवावा लागला. आपल्याकडे नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत असे न विचारलेले प्रश्न अजून ढिगानं पडलेत.

पायरी १: आधी लेबर रूममध्ये हात बसू द्या

निदान दोन वर्षं. बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष 'कापायचं' म्हणून कापू नका. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे शिकत असताना जिल्ह्याच्या रुग्णालयात काढायचे, तीन महिने मिळतात तेही बहुतेक जण अभ्यासाची सुट्टी समजून घालवतात. तुम्ही ते ग्रामीण रुग्णालयात, शक्य तर सातपुड्याच्या बाजूला काढा.

माझा पहिला संशोधनाचा प्रश्न मला तिथंच सापडला. मे महिना, दुपारची वेळ. बाळ झालं, वार पडली, पण गर्भपिशवी आवळेना. सिस्टरनं ऑक्सिटोसिन, म्हणजे पिशवी आवळायचं इंजेक्शन, दिलं, पुन्हा दिलं, रक्त थांबेना. शेवटी मिसोप्रोस्टॉल (त्याच कामाची गोळी), मुठीनं पिशवी दाबून धरणं आणि गाडीत घालून सिव्हिल. बाई वाचली. परत आल्यावर मी सिस्टरला विचारलं, ऑक्सिटोसिनचा खोका कुठे ठेवता? तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात, ट्रेमध्ये. खोक्यावर छापलेलं होतं, २ ते ८ अंश. बाहेर पारा ४३ च्या पुढे.

त्यात सिस्टरचा दोष फार कमी. फ्रिज लसींचा, त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही ही तंबी. लसीच्या बाटलीवर निदान उष्णता दाखवणारी खूण असते, ती काळी पडली की लस फेकायची हे आशाताईलाही कळतं. ऑक्सिटोसिनच्या अँप्यूलवर तसं काही नसतं. पाण्यासारखं औषध, बिघडलं तरी पाण्यासारखंच दिसतं.

पायरी २: रजिस्टर वाचायला शिका

तुम्हाला आधी वाटेल की संशोधन म्हणजे नवी माहिती गोळा करणं. आधी जी माहिती रोज गोळा होतेय ती वाचा. लेबर रूमचं रजिस्टर घ्या आणि एकेक रकाना वरून खाली वाचत जा, आडवा नको.

एका ठिकाणी मी असं वाचलं तर रक्तस्रावाच्या रकान्यात पानंच्या पानं '२०० मिली'. जुळं असो, पहिलटकरीण असो, बाळ चार किलोचं असो, २०० मिली. ज्या बाईला दोन बाटल्या रक्त चढवलं तिच्यापुढेही २०० मिली. वजनाच्या रकान्यात अडीच किलोची गर्दी, शेवटच्या पाळीची तारीख महिन्याची १ किंवा १५. आणि वय १९. वयाचं पुढे बोलू.

या आकड्यांवर कुणी थीसिस लिहिला तर खान्देशात बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष निघेल. डोळ्यानं अंदाज घेतला की रक्त नेहमी कमी भरतं, आणि जास्त वाहिलं तर आणखीच कमी भरतं. रूढ व्याख्या ५०० मिलिलिटरची आहे, पण मोजलंच नाही तर ५०० कुठे संपलं हे कोण सांगणार?

या ठिकाणी बेळगावची गोष्ट प्रत्येकानं वाचावी. बेळगाव जिल्ह्यात उपकेंद्रांच्या पातळीवर, जिथं डॉक्टर नसतो तिथं, एएनएमनी, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिकांनी, बाळंतिणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. १६२० बायका, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. २००६ मध्ये निकाल छापून आला: अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. पण मला त्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती प्लॅस्टिकची पिशवी. रक्त मोजायचं कसं हा प्रश्न तिथंही होताच. म्हणून त्यांनी कमरेखाली अंथरायचं, खाली निमुळतं होत जाणारं, खुणा असलेलं प्लॅस्टिक तयार केलं. सिस्टर बघते आणि आकडा वाचते. तीच कल्पना पुढे आफ्रिकेत गेली. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतल्या दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुणांची पिशवी आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करायचे, असा तो संच होता. पिशवी होती तिथं अतिरक्तस्राव ९३ टक्के वेळा ओळखला गेला, नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. म्हणजे डोळ्याच्या भरवशावर निम्म्या बायका निसटत होत्या. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं.

पिशवी मिळत नसेल तर वजनकाटा घ्या. कोरड्या कापडाचं वजन, भिजलेल्याचं वजन, वजाबाकी. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. बाळाचा काटा असतोच, फक्त गर्भजल त्यात मिसळू देऊ नका. महिनाभर एवढंच करा. २०० मिलीची रांग मोडलेली तुम्हाला दिसेल.

पायरी ३: प्रश्न लहान करा, आणखी लहान करा

नवा माणूस येतो तो 'नंदुरबार जिल्ह्यातील मातामृत्यूंची कारणे' असा विषय घेऊन. मी त्याला हिशोब करायला लावते. २०१८ ते २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३, देशाचं ९७. समजा एका जिल्ह्यात वर्षाला ३० हजार जन्म. राज्याच्या दरानं वर्षाला दहा मृत्यू. आपल्या डोंगराळ तालुक्यांत जास्त धरा, तरी तीन वर्षांच्या एमएसमध्ये किती हाती लागणार? त्यातले काही गुजरातेत झालेले, काहींची नोंदच नाही.

उलट बाजूही सांगते. एखाद्या रुग्णालयात फलक लागतो, 'सलग एक हजार बाळंतपणं, एकही मातामृत्यू नाही'. अभिनंदन करा, पण संख्याशास्त्र विचारा. हजारात शून्य आढळलं तर खरा दर हजारी तीनपर्यंत असू शकतो. म्हणजे लाखाला ३००. देशाच्या सरासरीच्या तिप्पट असूनही एखाद्या ठिकाणी हजारात शून्य दिसू शकतं.

म्हणून मृत्यू मोजू नका, मरता मरता वाचलेल्या मोजा. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचे निकष ठरवून दिलेत, आणि अशा बाईला स्वतःलाच विचारता येतं की काय झालं, घरातून किती वाजता निघालात, गाडी कधी आली. घरी निर्णयाला लागलेला वेळ, रस्त्यात गेलेला वेळ, दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ: थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही तीन उशिरांची चौकट धडगाव-मोलगीकडे आजही तंतोतंत बसते. झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणलेली बाई बघितली असेल तर दुसरा उशीर पुस्तकातून शिकावा लागत नाही. पण तिसऱ्या उशिराकडे आपण डॉक्टर सोयीस्कर डोळेझाक करतो, कारण तो आपला असतो.

प्रश्न चांगला आहे का हे तपासायला मी एकच विचारते: उत्तर मिळाल्यावर उद्या सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्राची सिस्टर काय वेगळं करेल? उत्तर 'काही नाही' असेल तर प्रश्न बदला.

खान्देशात मला असे कितीतरी दिसतात. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी ते थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, दिला गेला का, आणि तो चिठ्ठीवर लिहिला का? वर्षभराच्या रेफरल चिठ्ठ्या वाचून याचं उत्तर मिळतं, खर्च शून्य. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची बाई दिवस गेल्यावर कितव्या महिन्यात ओळखली जाते, आणि बाळंतपणानंतर छातीत दुखायला लागलं तर कुणाला काळजी वाटते का? माहेर घराची, म्हणजे बाळंतपणाआधी दवाखान्यापाशी येऊन राहायची, खोली बांधलेली आहे, मग बायका आठवडाभर आधी येऊन का राहत नाहीत. घरच्या लहान पोरांना कोण बघणार, हे कुणी विचारलंय का? आणि तो ऑक्सिटोसिनचा खोका आहेच.

त्या खोक्याच्या प्रश्नावर जगात काम झालंय हे मला नंतर कळलं. उष्णतेत टिकणारं, त्याच कामाचं कार्बेटोसिन ऑक्सिटोसिनच्या तोडीचं आहे का, याची चाचणी भारतासह दहा देशांत सुमारे ३० हजार बायकांवर झाली, २०१८ मध्ये निकाल आला. ५०० मिलीच्या हिशोबात ते कमी ठरलं नाही. पण बारीक वाचा: कुणाला कोणतं औषध गेलं हे कळू नये म्हणून त्या चाचणीत दोन्ही औषधं थंडच ठेवली होती. खिडकीतल्या कट्ट्यावरचं ऑक्सिटोसिन त्या तुलनेत नव्हतंच. मोठी चाचणी जिथं थांबते तिथं आपल्या गावच्या माणसाचा प्रश्न सुरू होतो, तो असा.

पायरी ४: संख्याशास्त्रज्ञाकडे आधी जा

माहिती गोळा करून झाल्यावर एक्सेलची फाईल घेऊन पीएसएम (सामुदायिक वैद्यक) विभागाच्या दारात उभं राहायची आपली जुनी खोड आहे. पहिल्या दिवशी जा. एखाद्या गोष्टीचं प्रमाण काढायचंय, ते निम्म्याच्या आसपास असेल आणि पाच टक्क्यांच्या आतबाहेर उत्तर हवंय, तर साधारण ४०० बायका लागतात. पण त्या ४०० तुम्ही आठ पाड्यांतून ५०-५० अशा घेतल्या, तर एका पाड्यातल्या बायका एकमेकींसारख्या असतात. ते सारखेपण अगदी थोडं, ०.०२ इतकं धरलं तरी संख्या जवळपास दुप्पट करावी लागते. हे आधी कळलं तर नियोजन होतं, नंतर कळलं तर रडू येतं.

राष्ट्रीय वैद्यक आयोगानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जो बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाईन कोर्स सक्तीचा केलाय, तो सगळे व्हिडिओ पळवत पुरा करतात. चेन्नईच्या साथरोग संस्थेनं तो चांगला केलाय. दुसऱ्यांदा, सावकाश बघा.

पायरी ५: तीन दारं, तीन साहेब

हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालय अधिष्ठात्यांचं, खातंच वेगळं. बाई या तिन्हींतून एका रात्रीत जाते, तुमच्या परवानगीला मात्र तीन फायली लागतात. एका कार्यालयात माझी फाईल पाच महिने होती. सापडली तेव्हा तिच्यावर चहाच्या कपाची दोन वर्तुळं होती, सही नव्हती.

त्यातून शिकलेलं असं: इंग्रजी प्रोटोकॉल जोडायचा तो जोडा, पण वर एक पान मराठीत लावा. काय शोधतोय, किती दिवस, सिस्टरचं काम किती वाढेल, आणि त्यांच्या कार्यालयाला काय मिळेल. 'काम वाढणार नाही' असं खोटं लिहू नका. वाढतंच. साहेबांची बदली होते, म्हणून आवक क्रमांक घेतलेली प्रत जपून ठेवा. माता व बालसंगोपन अधिकाऱ्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा. गावात जाणार असाल तर सरपंच, पोलीस पाटील आणि पाड्यावरची जाणती मंडळी. त्यांची परवानगी म्हणजे गावात शिरायची परवानगी. बाईची संमती वेगळी.

पायरी ६: नैतिक समिती, आणि वय १९

संशोधनाला मान्यता देणाऱ्या या समितीला घाबरू नका, आणि 'हे तर नुसतं ऑडिट आहे' म्हणून टाळूही नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वाटा आहेत: पुनरावलोकनातून सूट, जलद पुनरावलोकन, पूर्ण बैठक. फ्रिजचं तापमान मोजायचं असेल तर काम लवकर होतं, पण सूट द्यायची की नाही हे समितीनं ठरवायचं असतं, आपण नाही. औषधाची किंवा उपचाराची तुलना करणार असाल तर पहिली बाई घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. पैसे लागत नाहीत, आणि २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. सोनोग्राफी लागणार असेल तर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा विचार आधी. मशीन गाडीत टाकून पाड्यावर नेऊ, असं कुणी परदेशी सहकारी सहज म्हणून जातो. त्याला हा कायदा समजावून सांगायचं काम तुमचं.

संमतीपत्रात बाईला लिहितावाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार आणि अंगठा. पण आमच्या डोंगरात अंगठा म्हटलं की जुन्या माणसांना जमिनीचे कागद आठवतात. मी आधी कागद पूर्ण वाचून दाखवते, मग तो घरी ठेवून घ्यायला सांगते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. वेळ लागतो, आणि काही बायका नाही म्हणतात. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे तुमची संमती खरी आहे.

आता ते वय. रजिस्टरमध्ये इतक्या बायका १९ च्या का असतात हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल तर पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक. हे कुटुंबाला कळलंय, म्हणून वय १९ सांगितलं जातं, नाहीतर मुलगी दवाखान्यात येतच नाही. संशोधक म्हणून तुम्ही खरं वय विचारलंत तर कायद्याची जबाबदारी तुमच्यावर येते, न विचारलंत तर कोवळ्या वयातल्या बाळंतपणावरचा तुमचा सगळा निष्कर्ष फोल. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मी इतकंच करते: समितीपुढे हा प्रश्न लेखी मांडते, संमतीच्या कागदावर कळवण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिते, आणि निबंधात वयाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये असं छापते. मुलीला फसवून खरं वय काढून घेण्याच्या युक्त्या मला मान्य नाहीत.

पायरी ७: भाषा, आणि आखाजीपासून मोजलेले महिने

प्रमाण मराठीतली प्रश्नावली घेऊन शिरपूरच्या पलीकडे गेलात की मान डोलते, उत्तर मिळत नाही. अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी, मावची. एकाच जिल्ह्यात चार बोली. "आपणास उदरशूल होतो काय" असलं काही लिहिलेलं मी एका छापील फॉर्मवर वाचलंय. "मना पोटमा दुखस" म्हणणाऱ्या बाईला हे विचारायचं? प्रश्न बोलीत उतरवा, मग मूळ प्रश्न न बघितलेल्या माणसाकडून परत मराठीत आणा. दोन्ही शेजारी ठेवले की कुठे घसरलं ते दिसतं. 'अंगावरून जातं' हा एकच वाक्प्रयोग बघा. पांढरं जाणं, लाल जाणं, बाळंतपणानंतरचं जाणं, सगळं त्यात. रक्तस्रावाच्या अभ्यासात तो तसाच ठेवलात तर सगळा डोलारा पडतो. मी 'किती फडकी बदलली, कापड पिळलं तर निघायचं का' असं विचारते.

शेवटच्या पाळीची तारीख कुणाला आठवत नाही, सण आठवतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी की नंतर? कानबाई बसल्या तेव्हा पाळी होती का? पोळा, दिवाळी, सारंगखेड्याची यात्रा, होळी. अशी सणांची यादी करून तिच्यावरून महिने काढता येतात, आणि सहा आठवड्यांच्या सोनोग्राफीची सोय नसलेल्या ठिकाणी ती चांगली चालते. पण एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. मागच्या वर्षीच्या सणांच्या तारखा यंदा वापरू नका. नागपंचमी २०२२ मध्ये २ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती २१ ऑगस्टला गेली. एकोणीस दिवस. तेवढ्यानं अपुऱ्या दिवसांचं बाळ कागदावर पूर्ण दिवसांचं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर दरवर्षी नवं घ्या.

पायरी ८: ४२ दिवस, ऊस आणि माहेर

मातामृत्यूची व्याख्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत जाते. म्हणजे ४२ व्या दिवशी बाई तुम्हाला भेटली पाहिजे. ती कुठे असते? पहिलटकरीण असेल तर माहेरी: तपासण्या सासरच्या केंद्रात, बाळंतपण माहेरच्या, आणि दोन्ही कार्डांवर नावं वेगळी, कारण लग्नानंतर नाव बदललंय. नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याकडची असेल तर दिवाळीनंतर टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला, परत येणार होळीला. जानेवारीत घरी गेलात तर कुलूप आणि म्हातारी.

यावर माझा साधा तोडगा: होळीनंतर नोंदणी सुरू करा आणि दिवाळीपर्यंत ४२ दिवस पूर्ण होतील अशाच बायका घ्या. पण मग स्थलांतरात बाळंत होणाऱ्या, म्हणजे सगळ्यात धोक्यातल्या बायका, अभ्यासातून गळतात. तेव्हा निदान ते लिहा. हिंमत असेल तर मुकादमाचा नंबर घ्या आणि उसाच्या फडात जा. मी एकदाच गेले आणि त्या एका फेरीत जे कळलं ते दोन वर्षांच्या रजिस्टरात नव्हतं. प्रत्येक बाईचे तीन फोन नंबर घ्या: नवऱ्याचा, भावाचा, आशाताईचा. शेवटचा लागतो.

पायरी ९: साधनं

फार विचार करू नका. कोबोटूलबॉक्स या मोबाईलवर माहिती भरायच्या साधनात फॉर्म बनवा, रेंज नसताना भरता येतो, तालुक्याला आल्यावर पाठवता येतो. विश्लेषणाला एपी-इन्फो किंवा आर ही सॉफ्टवेअरं, दोन्ही फुकट. आणि कागदी वही ठेवाच. तोरणमाळच्या पावसात मोबाईल मरतो, वही वाळवता येते.

पायरी १०: पोटापाण्याचं

संशोधनावर घर चालत नाही, निदान सुरुवातीला. वर्गमित्र तिसऱ्या वर्षी गाडी घेतो, तुम्ही टेम्पो ट्रॅव्हलरनं शहाद्याला जाता. मी सुचवते ते असं: वैद्यकीय महाविद्यालयात वरिष्ठ निवासी किंवा सहायक प्राध्यापकाची जागा धरा, पगार, नैतिक समिती आणि विद्यार्थी तिन्ही एका छताखाली मिळतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी महाविद्यालय आहे. पहिला अभ्यास बिनपैशांचा करा, दुसरा विद्यापीठाच्या किंवा आयसीएमआरच्या छोट्या अनुदानावर. तिसऱ्याच्या वेळी इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिपला अर्ज करायला तुमच्याकडे दाखवायला काही असेल. बेळगाव आणि नागपूर इथं अनेक वर्षं चालणारी माता-बालक संशोधनाची केंद्रं आहेत. तिथं महिनाभर जाऊन नुसतं बघा. परदेशी पैसा आला तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते, ती सहा महिने आधी धरा.

ऑपरेशन सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस तरी लेबर रूम. हात गंजले की सिस्टर तुम्हाला खरं सांगणं बंद करते.

पायरी ११: नाव कुणाचं

बाहेरची मोठी संस्था येते, 'तुम्ही फक्त डेटा द्या' म्हणते, आणि निबंधावर शेवटून तिसरं नाव तुमचं. सुरुवातीलाच लेखी ठरवा: प्रश्न कोण मांडणार, माहितीचा मालक कोण, पहिलं नाव कुणाचं. पण हाच न्याय खालीही लावा. ज्या विभागप्रमुखांनी फक्त सही केली त्यांचं नाव वर, आणि ज्या एएनएमनं दोन वर्षं रक्ताची कापडं तोलली तिचं आभारातही नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता चीड येण्याऐवजी कंटाळा येतो. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांचे ईमेल येतील, बढतीसाठी मोह होईल. ते पुढे बायोडाटावर डागासारखे राहतात.

पायरी १२: निकाल परत न्या

छापून यायच्या आधी तो ज्यांचा आहे त्यांना सांगा. मासिक बैठकीत दहा मिनिटं मागा, स्लाइड नकोत, एक तक्ता पुरे. माझा तो ऑक्सिटोसिनचा पहिला अभ्यास कुठेच छापून आला नाही, तीन ठिकाणांहून साभार परत आला. पण बैठकीत एका सिस्टरनं उठून विचारलं, "मॅडम, मग फ्रिज आमचा का नाही?" त्यावर साहेबांनी लसींच्या फ्रिजमध्ये एक डबा ठेवायला तोंडी परवानगी दिली. मी ती लेखी मागितली. महिन्यानं मिळाली.

तुम्हाला हाच प्रश्न घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. तापमान नोंदवणारा छोटा लॉगर काही हजारांत मिळतो. चार विकत घ्या: एक फ्रिजमध्ये, एक लेबर रूमच्या ट्रेमध्ये, एक औषध भांडारात आणि एक १०८ च्या गाडीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आत बसवा. आखाजीनंतर उन्हाळा टिपेला जातो, आणि लग्नसराईत दवाखान्यात सही करायला कुणी सापडत नाही.